समक्ष

पंपाच्या कंपनीनं डीलर लोकांना यंदा जहाज दिलंय.
मागच्या साली मिक्सर होता, त्याआधी चांदीचं नाणं.
चार रात्री, पाच दिवस, कुटुंबासह,
आणि सोबत सव्वीस पानं नियम,
जे मी शाहूपुरीतनं छापून आणले,
कारण मोबाईलवर वाचलेलं मला खरं वाटत नाही.

पान एकोणीस.
अठरा पूर्ण, एकवीस अपूर्ण, अशा मुलामुलींना
बिअर चालेल, वाइन चालेल, त्यापुढचं नाही.
आई किंवा वडील, एकाची सही लागेल.
प्यायची ती त्यांच्या समक्ष.
सही नसल्यास मनगटाला लाल पट्टी,
जी आंघोळीतसुद्धा निघत नाही म्हणे.

अवधूत वीस वर्षं सात महिन्यांचा आहे.

आपल्याकडं बिअरला एकवीस, कडकला पंचवीस.
त्याच्या कॉलेजात हे कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.
किनारा सुटला की पोरगा पाच महिन्यांनी मोठा होतो,
परत बंदराला लागला की लहान,
असलं गणित मला लेथवर बसवता येईना.

तशा त्याच्यासाठी सह्या मी पुष्कळ केल्यात.
तालमीच्या अर्जावर. पन्हाळ्याच्या सहलीला.
टॉन्सिलच्या वेळी, 'काही झाल्यास आमची तक्रार नाही'
या ओळीच्या खाली,
तेव्हा पेन उमटेना, नर्सनं तिचं दिलं.

पण समक्ष हा शब्द माझ्या ओळखीचा
तलाठ्याच्या कागदातला.
पंचांसमक्ष. साक्षीदारांसमक्ष. समक्ष मोजणी.
माझे वडील सोप्यात बसलेले असायचे,
म्हणून मी परड्यातनं घरात शिरायचो,
दाढेखाली बडीशेप.
ते खोकायचे. एकदाच.
त्यापलीकडं आमचं ह्या विषयावर बोलणं झालं नाही,
आणि आता व्हायचं नाही.

आजही शनिवारी उद्यमनगरात
शटर अर्धं ओढून, खोक्यांच्या मागं आम्ही तिघं बसतो.
खारे शेंगदाणे, कालचा पेपर.
मग मी रंकाळ्याला पायी एक फेरी जास्तीची मारतो,
वारं लागावं म्हणून.
शैलजा दार उघडते, ताट वाढते,
आणि रश्श्याची वाटी ठेवताना
श्वास रोखून धरते, एवढंच.

काल रात्री जेवण झाल्यावर अवधूत म्हणाला,
"पप्पा, गंगावेशीत जाऊन येऊया."
कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या, माणसं उभी होती,
धार थेट ग्लासात पडत होती.
इथं कुणी वय विचारत नाही.
त्यानं दोन सांगितले
आणि खिशातनं घडी घातलेलं पान एकोणीस काढलं.

"तुम्ही किती वर्षांचे होता?"

मी म्हटलं, एकवीस.
त्यानं माझ्याकडं बघितलं.
मग म्हटलं, सतरा. जोतिबाच्या यात्रेत.
चुलत्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, अंधारात,
आणि दुसऱ्या दिवशी नाकातला गुलाल
कसला वास मारत होता ते आठवतं, बाकी काही नाही.

तो हसला नाही. ते बरं केलं.

मी कागद उलगडून सीटवर ठेवला, पेन काढलं,
आणि दिव्याखाली बघितलं तर
खाली सही होतीच.
शैलजा मा. उलपे.
तिचं ते शाळेतलं अक्षर, 'शै'च्या मात्रा टोकदार,
तारीख चार दिवसांपूर्वीची.

म्हणजे समक्ष ती बसणार.
डेकवर, समुद्राकडं तोंड करून,
पोराच्या समोर, उघड्यावर.

"एकाची पुरते," मी म्हणालो,
"मग माझ्याकडं कशाला आणलास?"

मागं एक म्हैस शेपूट झाडत होती.
गवळी कुणाला तरी सुट्टे मागत होता.
पोराच्या मिशीवर पांढरा फेस,
त्यानं तो पुसला नाही.

"प्या पप्पा," तो म्हणाला.
"फेस बसायलाय."