वरचे सोळा, खालचे सोळा

नोएलीन टॅपर चाळीस वर्षं
शाळेच्या दवाखान्यात मुलांच्या तोंडात डोकावली.
निरोपाला कुणी घड्याळ दिलं, कुणी केक.
तिने मागून घेतला कोऱ्या कार्डांचा खोका.

कार्डावर छापलेले बत्तीस दात,
वर सोळा, खाली सोळा.
दक्षिण डनीडिनमधली आमची गल्लीही तशीच,
एका बाजूला सम, समोर विषम,
मधे डांबराची काळी जीभ.

शनिवारी पेपर आला की ती चष्मा पुसते,
पेन्सिलींना टोक काढते.
पाटी लागली की लाल. विकलं की निळं.
लाल तीन महिने तसंच राहिलं, तर भोवती गोल:
कीड आत गेली.

सहा नंबर, पाच लाख दहा हजार.
अकरा नंबर, लिलावात एकही हात वर नाही,
फक्त आम्ही शेजारी, खिशात हात घालून, दक्षिणेच्या वाऱ्यात.
बावीस नंबर, ‘किंमत विचारा’.
तिने विचारली.
एजंट कॅमरन डूली सगळे दात दाखवून हसला.
त्यातली खालची दाढ तिनेच भरलेली.

मी सतरा नंबरात, भाड्याने.
माझ्या घरावर तिने हिरवी खूण केलीय.
‘दुधाचा दात,’ म्हणाली,
आणि मला आल्याचं बिस्किट दिलं.

जाहिरातीत लिहितात: समुद्र चालत सात मिनिटांवर.
समुद्रही चालतोच आहे,
त्याची मिनिटं कुणी छापत नाही.
ही सगळी वस्ती म्हणजे बुजवलेली दलदल.
बागेत गुलाबासाठी खड्डा खणावा,
तर भरती केव्हा आहे ते कळतं.
विमा कंपनीची पत्रं येतात. जाड लिफाफा असला तर नूतनीकरण,
पातळ असला
तर उभ्यानेच उघडायचा.

मग नऊ नंबरला पाटी लागली, एल्सपेथ रेनीची.
बघायला आली लोसा, पोटात सातवा महिना,
आणि तिचा नवरा, भिंतीवर बोटाने टकटक करत.
भिंतींना ताजा रंग. ओव्हनमध्ये मुद्दाम भाजत ठेवलेला पाव.
परतताना लोसा कुंपणापाशी थांबली.
‘पाणी येतं का हो?’

चाळीस वर्षं नोएलीन एकच वाक्य बोलत आली होती:
दुखणार नाही.
हजारो मुलांना, खुर्चीचे हात घट्ट धरलेल्या,
सुई पाठीमागे लपवून.
तिने एल्सपेथच्या खिडकीकडे पाहिलं.
पडदा हलला.
‘दुखेल,’ ती म्हणाली. ‘जूनमध्ये. या पायरीपर्यंत.’

त्यांनी घर घेतलं तरी. चाळीस हजार कमी देऊन.
निळी पेन्सिल, समासात आकडा,
आकड्याखाली एक छोटी रेघ, कशाची ते तिने सांगितलं नाही.
एल्सपेथ गेली मुलीकडे, उंचावरच्या उपनगरात,
नोएलीनचं पाय भाजायचं भांडं परत न करता.
आपलेच दात, आपलेच ओठ.

चौदा नंबर मात्र कोरा.
मी एकदा बोट ठेवलं त्यावर.
‘स्वतःच्या तोंडात कुणाला डोकावता येतं?’ ती म्हणाली.

काल संध्याकाळी तिने मला बोलावलं,
एक टॉर्च दिली, आणि लांब दांड्याचा
तो चिमुकला गोल आरसा.
‘माझे गुडघे वाकत नाहीत आता. तू जा.’

मी पालथा, तिच्या घराखाली.
लाकडी खुंटांना पांढरा बुरा, एक हरवलेला टेनिसबॉल,
आणि पलीकडे, जिथे हात पोचत नाही,
आरशात काहीतरी चमकलं आणि हललं.

वर फळ्यांवर तिची पावलं थांबली.
‘किती?’ तिने विचारलं.

मी बोट बुडवून मोजत होतो.