तारखेची जागा कोरी

शेंदुरजन्याच्या रस्त्याला, जिनिंगच्या मागच्या अंगाला
उमकांचा धर्मकाटा. पत्र्याची केबिन,
आत टेबल, शेगडीची तुटकी कॉइल,
आणि आठ वर्षांचा कॉम्प्युटर,
ज्यावर जेंटू मीच बसवलं होतं,
एकेक पॅकेज खडी फोडल्यासारखं कंपाइल करत,
तीन रात्री.

लाइन गेली की तो मरतो.
लाइन आली की उठतो आणि उठल्या उठल्या खोटं बोलतो:
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
बोर्डावरचा सेल बदलून पाहिला.
खाचच गंजलीय, नवा सेलही धरत नाही.

परवा ट्रकभर संत्री सत्तर सालात तोलली गेली.
शेषराव उमक पावती बल्बाजवळ धरून म्हणाले,
"त्या साली त मी पाळण्यात होतो बाप्पा.
माह्यं बी वजन कोणी केलं नसन."

म्हणून पौषातल्या रात्री मी इथे, पायात दोन मोजे.
काळ्या पडद्यावर ओळी उतरतात.
डिस्क तपासली, ओके. डिस्क जोडली, ओके.
काटा, ओके. प्रिंटर, ओके.
घड्याळ सगळ्यांच्या शेवटी,
अक्षता पडून गेल्यावर पोचलेल्या मामासारखं.
ते वेळ विचारतं नेटला, नेट टॉवरच्या भरवशावर,
आणि टॉवर ह्याच लाइनवर.
तसा दोष कोणाचाच नाही.
कोणी कोणाला थांब म्हणून सांगितलंच नव्हतं.

सांगायची सोय आहे. प्रत्येक सेवेची एक छोटी फाइल,
तिच्यात दोन शब्दांतला एक निवडायचा.
एक म्हणतो, तो येणार असेल तर त्याच्या मागून ये.
दुसरा म्हणतो, तो आल्याशिवाय येऊच नको.
मी दुसरा लिहिला. सेव्ह केलं. बरं वाटलं,
दाराला कडी लावल्यासारखं.

शेषराव खांद्यामागून:
"अन् थे घड्याळ आलंच नाही तं?"
तर प्रिंटर उठणार नाही.
"म्हंजे गाडी रातभर उभी?"
हो.
"माल कोणाचा सडते, तुह्या घड्याळाचा?"

मी ओळ खोडली.

मग बूटच्या पातळीतून खऱ्या घड्याळाला रजा दिली.
त्याच्या जागी एक रिकामी फाइल.
दर पावतीनंतर मशीन तिला नुसता हात लावतं,
आत अक्षर लिहीत नाही.
लाइन आल्यावर तिच्याकडे बघून म्हणतं:
किती वाजले ते ठाऊक नाही,
पण शेवटच्या पावतीच्या आधीची वेळ नाही, एवढं नक्की.

एवढ्यावर तारीख छापावी का?
"वजन त खरं हाये न? वजन छापू दे," शेषराव म्हणाले.
"तारखेची जागा कोरी ठेव. नेट आलं का थो छापन,
तोवर मी हाये न पेन घेऊन."
तसं लिहिलं. काटा आणि प्रिंटर
एका नव्या पातळीत टाकले, नाव दिलं हंगाम.
बाकीचे महिने तो नुसता उठेल, हिशेब दाखवेल.

मेन स्विच मीच ओढला.
अंधारात कॅनॉलपलीकडे कुत्रं भुंकलं, थांबलं.
स्विच वर. पंखा घरघरला. हिरवे ओके,
ह्या खेपेला थोडे अडखळत, एकमेकांकडे पाहत.

मुलताईचा ट्रक आला तेव्हा टॉवर झोपलेलाच होता.
नऊ हजार आठशे चाळीस किलो. तारीख कोरी.
शेषरावांनी कानावरचा पेन काढला,
भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, बारीक अक्षरात लिहिलं,
मग माझ्या मोबाइलकडे नजर गेली आणि थांबले.
बारा वाजून गेले होते.
कालचा आकडा खोडून वर आजचा काढला.

ड्रायव्हरने पावतीची चार घड्यांची पुडी केली
आणि विचारलं, चहा कुठे मिळेल.