चौदावी बादली

जुन्या स्टँडच्या भुशाच्या फळ्या
पाणी पिऊन फुगल्या होत्या.
डावा पाय कॉफीत बुडवलेल्या बिस्किटासारखा.
ऑर्विलनं टॉर्च मारला, बोटानं टोकरून पाहिलं,
म्हणाला, "हा काही हिवाळा काढत नाही, आर्लिस."
क्षणभर वाटलं, माझ्याबद्दलच बोलतोय.

मायनॉटहून समुद्र गाठायचा
तर कुठल्याही बाजूनं दोन दिवस गाडी हाकावी लागते.
माझा समुद्र तळघरात, बॉयलरशेजारी,
चार फूट लांब, दीड फूट रुंद,
पिशवीतल्या मिठाचा.

मर्ल टूसानला गेला तेव्हा
कुत्रा नेला, ट्रेलर नेला,
माझ्या आईचा बिडाचा तवासुद्धा नेला.
एवढा समुद्र तेवढा नेता आला नाही.
"दोन आठवड्यांत येऊन घेऊन जातो."
त्याला आता सात वर्षं झाली.

तर शनिवारी, बाहेर उणे सव्वीस,
आम्ही समुद्र उसवायला बसलो.
आधी पाणी, नळीनं.
बादल्या रंगाच्या, लोणच्याच्या,
दोन चर्चमधून मागून आणलेल्या.
ऑर्विलची नात ब्रिन प्रत्येकीवर
चिकटपट्टी लावून आकडा घालत होती.
मग जांभळे धरलेले दगड, एकेक, लेकरासारखे दोन्ही हातांत.
पोवळ्यानं अंग आवळून घेतलं,
पाहुणे दिसताच दार लावणाऱ्या शेजारणीसारखं.
पिवळा टँग दीड तास कुणाच्या हाती लागेना.
काखेपर्यंत भिजलेला ऑर्विल
देवाचं नाव घेत होता,
पण प्रार्थनेतल्यासारखं नाही.

तळाची वाळू जराशी हलली
आणि सडक्या अंड्यांचा वास तळघरभर.
"कोण मेलंय इथं?"
"कुणी नाही," मी म्हटलं, "नुसतं जुनं आहे."

सहाव्या बादलीतून आवाज आला.
टक्.
हाच.
ह्याच आवाजानं मर्ल रात्री तीनला उठायचा,
काचेवर बोट फिरवत बसायचा,
"तडा जातोय, आर्लिस, ऐक."
मी ऐकायचे, आणि मलाही
सगळं घरच फुटायला आलंय असं वाटायचं.
ब्रिन बादलीवर वाकली.
दगडाच्या भोकात करंगळीएवढी कोळंबी,
एक नांगी भलतीच मोठी.
ती मिटली. टक्.
इतकंच होतं.
मी बादलीची कड धरून हसत सुटले,
ऑर्विलनं टोपी काढली, पुन्हा घातली.

नवा स्टँड त्यानंच जोडलेला,
पाय असे की वर गाय उभी राहील.
डाव्या कोपऱ्याखाली पाचर,
लेव्हलमधला बुडबुडा मधोमध येईपर्यंत
तिघांनीही श्वास धरलेला.
मग पाणी परत. ताकासारखं गढूळ.

"हे कुठल्या समुद्राचं?" ब्रिननं विचारलं.
"नळाचं. मीठ माझं."
दर रविवारी दोन बादल्या काढायच्या, दोन ओतायच्या,
मर्लनं भरलेल्या पाण्याचा थेंबही उरला नसणार.
नीट हिशोब केला
तर उरलाही असेल एखादा.
खाल्ल्या मिठाला मासे जागतात की नाही, ठाऊक नाही.
वाढतात मात्र.

तिसऱ्या दिवशी पाणी निवळलं.
पोवळं पाचव्या दिवशी उघडलं, तेही अर्धंच.
नवव्या रात्री तीनला टक् झालं
आणि मी कूस बदलली.

एक बादली मात्र उरली.
दगड पूर्वीसारखे रचले गेलेच नाहीत,
जास्त जागा अडवून बसले,
चौदावीला आत वाव राहिला नाही.
ऑर्विल म्हणाला, पायऱ्यांवर ओत, खारं पाणी, बर्फ सुटेल.
ओतलं.
सुटला कसला. त्याच्यावरच
समुद्राचा एक पातळ पापुद्रा धरला,
आणि मार्च संपेपर्यंत
पोस्टमन, ब्रिन, मी,
सगळे त्याच्यावरून कठडा धरून चाललो.