कलालीचा रुमाल

तीस वर्षं दारूबंदी खात्यात काढली.
शिरोळच्या उसात, आजऱ्याच्या झाडीत
किती भट्ट्या फोडल्या, हिशोब सरकारकडे असेल.
काळा गूळ, नवसागर, आंबलेली पिंपं,
पंचनाम्याखाली माझी सही आणि दोन पंच,
बहुतेकदा तेच दोन.

आता रिटायर. अकराला डबा घेऊन
पुरालेखागारात जातो.
रेहाना मुल्लाणी रुमालाची गाठ सोडते,
लाल खारवा पसरते टेबलावर
आणि म्हणते, काका, शिंक आली तर बाहेर जावा.

मोडी तिनंच शिकवली.
आधी पानभर आडवी रेघ ओढायची,
मग तिला अक्षरं टांगायची, बोरू न उचलता.
सहा महिने मला ती
गुत्त्यातून घरी निघाल्यासारखीच दिसायची,
एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.

मग एका दुपारी वाचता आलं:
सन समान सितैन.
सिदाप्पा कलाल, उत्तरेश्वराकडली आळी,
भट्टी एक, रांजण चार,
मक्ता सालीना रुपये साडेबावीस.
पूर्वेस तेल्याचा घाणा, पश्चिमेस चिंच,
दक्षिणेस वाट, उत्तरेस नदीचा उतार.

पुढच्या साली सिदाप्पा नाही.
त्याचं काय झालं ते कुणी लिहिलं नाही.
त्याच जागी, त्याच साडेबावीसला
भिवरा कलालीण.

तिच्यावर तक्रार, दारूत पाणी घालते.
तिचा जबाब कारकुनानं तसाच उतरवलाय:
आपण पाणी घातले नाही.
नदीस पूर आला, ते आपण होऊन रांजणात शिरले.
दंड रुपया सव्वा.
मी मोठ्यानं हसलो. समोरचे पीएचडीवाले बघायला लागले.
हजारेक जबाब घेतले असतील मी,
असा एक कुणी दिला नाही.

उधारीची यादीही आहे तिची.
येसबा नालबंद, पावशेर तीन.
हैबती शिंगवाला, शेर एक, लग्नसराईत फेडीन म्हणतो.
दावल दरवानी, रोज अदपाव,
वेस लावून झाल्यावर.

आणि मग सबैन सालच्या कागदात एकच ओळ.
भिवरा कलालीण, पुढं भोक,
भोकापलीकडं नुसतं ‘ेली’.

कसरीनं नेमकं तेवढंच खाल्लंय.
गेली म्हणावं, तर कुठं?
मेली म्हणावं, तर मक्ता कुणाच्या नावावर?
नेली.
हे मी रेहानाला म्हटलं नाही.
मी नेल्यात, जीपमधून.
कागलजवळची एक, कडेवर पोर,
नाव विचारलं तर पदर तोंडात धरून बोलली.
मला नीट ऐकू आलं नाही.
पुन्हा विचारायचा कंटाळा आला
म्हणून वाटलं ते नाव लिहिलं.
दोनशे वर्षांनी कुणी तो पंचनामा उघडला
तर कसर लागायचीही गरज नाही.

रेहाना भिंग घेऊन वाकली.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, काका, भोक मोठं आहे,
दोन अक्षरं बसतात.
अधेली असेल.
अर्धा रुपया. येणं, नाहीतर देणं.

संध्याकाळी सायकल काढून गेलो.
घाण्याच्या जागी असेल तिथं
वाढदिवसांचे फ्लेक्स छापतात.
चिंचेचं विचारलं, तर पोरगं म्हणालं
चिंच मंडईत मिळेल.
उतार मात्र आहे,
ब्रेक दाबावा लागला.

खाली एका बारची पाटी लागत होती, विझत होती.
पाटीतलं एक अक्षर बंद.
सवयीनं परवान्याचा नंबर शोधला,
मग आठवलं, आपला काय संबंध.
आत जाऊन सोडा मागवला.
मालकाचं नाव विचारलं,
दोनदा विचारलं,
आणि पावतीच्या मागं लिहून ठेवलं.

उद्या पुढचा रुमाल मागवलाय.
रेहाना म्हणते, फार आशा धरू नका,
त्यात बहुतेक कडब्याचा हिशोब आहे.