सात नंबरच्या मागाचं चाक

सात नंबर मंगळवारपासून उभा आहे.
टेकअपच्या रॅचेटचे चार दात गेले,
आणि ते चाक ओतणारा कारखाना
मी शाळेत असतानाच बंद पडला.

रात्री शेडच्या कोपऱ्यात, बॉबिनच्या पेटीवर लॅपटॉप ठेवून
मी मॉडेलला मराठीतच सांगते:
छत्तीस दात, जाडी बारा, भोक पंचवीस,
एका अंगाला उंचवटा, दात उजवीकडे झुकलेले.
तो भराभर ओळी लिहितो.
वर्तुळ. त्यातून वजा वर्तुळ.
एक दात, तोच छत्तीस वेळा फिरवून.
मला जेकार्डचे पुठ्ठे आठवतात:
भोक तिथे सूत वर, भोक नाही तिथे खाली,
आणि मोर हा शब्द कुठेच नाही.

होटगी रोडवरून नायलॉनचं चाक छापून आलं,
पांढरं, साबणाच्या वडीसारखं.
सायन्ना जॉबरने चष्मा कपाळावर चढवला, माग सोडला.
टॉवेल पुढे सरकेचना,
आडवे धागे एका जागी ढीग होऊन बसले.
"इटु कादु, अटु," बोट उलटं फिरवत तो म्हणाला.
उंचवट्यामुळे चाक पालथंही घालता येईना.
"उजवीकडे म्हणजे कुणाच्या?
विणकर उभा राहतो तिथून, का मी तेल घालतो तिथून?"

मी सांगितलं नव्हतं. मॉडेलने विचारलं नव्हतं.
ज्याला उजवा हातच नाही त्याला हे कसं सुचावं,
असं म्हणणार होते,
पण मला तर दोन्ही हात आहेत.

मग त्याने शाफ्टला व्हर्नियर लावला, एकदा आडवा, एकदा उभा.
चोवीस पॉइंट सहा. चोवीस पॉइंट दोन.
"चाळीस वर्षं फिरतोय. गोल कसा राहील?"
गोल नसलेलं भोक मॉडेलने एका ओळीत लिहिलं.
सायन्ना पडद्याशी वाकला:
"हुशार आहे की.
फक्त शेडमध्ये कधी आला नाही."

शनिवारी दुपारी सात नंबर
बाकीच्यांच्या खडखडाटात मिसळला,
कान देऊनही आता वेगळा निघत नाही.
कोडच्या डोक्यावर, दोन तिरक्या रेघांमागे,
सायन्नाच्या तोंडची ओळ ठेवलीय:
विणकराच्या जागेवरून बघावे. शाफ्ट मोजल्याशिवाय भोक धरू नये.
तिने आकार केसभरही बदलत नाही.
चाक घडताना ती गाळलीच जाते.

काल अकरा नंबरसाठी तीच फाईल पुढे केली,
छत्तीसचे बेचाळीस कर म्हटलं.
त्याने आधी विचारलं, शाफ्ट मोजलात का?

कौतुकाने सायन्नाला सांगायला गेले.
तो तेलाचा डबा शोधत होता.
"मग?" म्हणाला, "मोजलास का?"