लिफ्टवरची जागा

तीन आठवडे आधी नंबर लावला होता मी.
लुएलाने फळ्यावर खडूने माझं नाव लिहिलं होतं,
स्पेलिंग चुकवून, नेहमीसारखं.
गुरुवार, सकाळचे आठ, माझी गाडी लिफ्टवर,
मागचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं,
जुनं ऑइल घमेल्यात संथ गळत होतं,
तेवढ्यात ती आली.

आली म्हणजे ढकलत आली.
हायवे दोनवरून, धान्याच्या कोठारापासून, दीड मैल,
वारा समोरून.
हेव्हरमध्ये वारा समोरूनच असतो,
तुम्ही कुठल्याही दिशेला निघालेले असा.

साठीची बाई. ओठ फुटलेले.
नंबरप्लेट न्यूफाउंडलंडची,
ती बघायला आम्ही सगळे बाहेर आलो.
अर्लंडने अंगठ्याने धूळ पुसून पुन्हा वाचली.

"चार्जिंग गेलंय," ती म्हणाली,
"माल्टापासून हेडलाइटची तार काढून चालवली.
बहिणीकडे चाललेय, व्हँकुव्हर बेटावर.
उद्या रात्री खिंडीत बर्फ सांगितलाय."

अर्लंडने मीटर लावला. एक तार, दुसरी तार.
"रेग्युलेटर," म्हणाला,
डॉक्टर सर्दी म्हणतात त्या सुरात.
लुएलाने बिलिंग्जला फोन केला, मग स्पोकेनला.
मंगळवार. दोन्हीकडून मंगळवार.

मग अर्लंड माझ्याकडे वळला.
"तुला कुठं जायचंय का या आठवड्यात?"

प्रश्न साधा होता.
मी कोठाराच्या वजनकाट्यावर असतो.
भरला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी.
रविवारी गाडी काढतो, मिल्क नदीच्या पुलापर्यंत जातो,
एक सिगरेट, आणि परत.
अकरा वर्षांत सहा हजार मैल.
तिचे या एका वाटेवरच चार हजार झाले होते.

"नाही," मी म्हणालो.
आणि माझी गाडी खाली आली,
एका ओंडक्यावर, कोपऱ्यात, तीन पायांच्या कुत्र्यासारखी.
पंगतीत घरच्याने मागून बसावं, एवढं कळतं मला.
आमच्या चर्चच्या जेवणातही
आमच्या वाट्याला खरवडलेलं भांडंच येतं.
तरी त्या दिवशी जरा लागलं.

अर्लंड शोरूममध्ये गेला.
विकायला ठेवलेल्या लाल गाडीची सीट उघडली,
किमतीची चिठ्ठी हँडलला लोंबत होती तशीच,
आणि आतला रेग्युलेटर सोडवून आणला.
म्हातारा टॉर्गरसन काचेपलीकडून बघत होता.
धंदा त्याचा, गाडी त्याची.
त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.
दोन भोकं जुळली. तिसरं पाडावं लागलं.

ती माझ्याशेजारी कॉफी घेऊन बसली.
दुलुथच्या अलीकडे एका दुकानात म्हणे
पाटीच होती: दहा वर्षांहून जुन्या गाड्या घेत नाही.
तिने पाना उसना मागितला, तर विम्याचं कारण निघालं.
पार्किंगमध्ये बसून क्लचची केबल बदलली, चमच्याने.
"चमच्याने?"
"चमच्याने आणि शिव्यांनी."

मग तिने कोपऱ्याकडे बोट केलं. "ती कुणाची?"
"माझी."
"कुठवर जाते?"
खोटं सुचेना. "पुलापर्यंत."
हसेल असं वाटलं होतं.
"पूल चांगला आहे का?" तिने विचारलं,
जणू तिथं मुक्काम करायचाय.
"लोखंडी आहे," मी म्हणालो,
आणि थोड्या वेळाने, "खाली बदकं असतात."

लुएलाने पाऊण तासाची मजुरी लावली, लागले होते अडीच.
ती गेली तेव्हा भर उन्हात हेडलाइट चालू होता.
फळ्यावरचं माझं नाव सोमवारखाली आलं,
नव्याने चुकवलेलं.

शुक्रवारी वजनकाट्याच्या खिडकीतून
मी पश्चिमेकडे बघत राहिलो.
चेस्टर. शेल्बी. कट बँक. ब्राउनिंग. मग खिंड.
आभाळ तिकडं शिशाचं झालं होतं.
मागं गव्हाचा ट्रक केव्हाचा हॉर्न देत होता.