एका वेळी दोनच

एका वेळी दोनच वस्तू ठेवायच्या.
डावीकडे कस्टर्डची वाटी, उजवीकडे पितळी घंटी.
पाच सेकंद थांबायचं, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा.
हात पुढे आला तर पूर्ण खूण,
नजर वळली तर अर्धी,
काहीच नाही तर शून्य.
मग बाजू बदलायच्या,
कारण कधी कधी माणूस वस्तू निवडत नाही,
फक्त खिडकीकडची बाजू निवडतो.

इद्वल बावन्न वर्षांचा.
सहाव्या वर्षी त्या मोठ्या इस्पितळात गेला
आणि सदतिसाव्या वर्षी इस्पितळच बंद झालं
म्हणून बाहेर आला.
सोबत दोन स्वेटर आणि एक फाईल.
फाईलमध्ये निळ्या शाईत एक ओळ: ‘संगीत आवडतं.’
कुणी लिहिली, कधी, काय पाहून, कुणालाच ठाऊक नाही.
त्या ओळीच्या भरवशावर
पंधरा वर्षं त्याच्या खोलीत रेडिओ चालू आहे.

वरून मला हुकूम: वर्षअखेर त्यानं चमचा धरावा.
त्यासाठी बक्षीस शोधा.
शोधलं. साबणाचे फुगे: शून्य.
थरथरणारी उशी: शून्य.
चॉकलेट, लोकरीचा गोळा, मेंढीच्या गळ्यातली घंटा,
माझा स्वतःचा मफलर.
शून्य, शून्य, शून्य, अर्धी (बहुधा माशी होती).

त्याची बहीण नेस्ता रविवारी येते, ओला कोट न काढताच बसते.
म्हणाली, ‘आमचे वडील खाणीत पाट्या फोडायचे.
छिन्नी लावण्याआधी दगडावर टकटक करून
कान देऊन ऐकायचे.
त्याला कुठे उघडायचंय ते तोच सांगतो, म्हणायचे.
चुकीच्या जागी ठोकलंत तर नुसता चुरा.’
या गावात पाटी कोरी असते असं कुणी म्हणत नाही.

गुरुवारी मी हरले.
शून्यांनी भरलेलं पान पॅडवरून
टर्रकन फाडलं
आणि इद्वलनं मान वळवली.
पूर्ण. खांद्यासकट.
घशातून एक आवाज आला,
किटली उकळायच्या जरा आधी येतो तसला.

मी सुपरमार्केटची जाहिरात फाडली.
गॅसचं बिल फाडलं.
माझ्या रजेचा अर्ज होता, तोही.

मग चमचा उचलला की एक टर्र.
आठवड्यात सतरा वेळा चमचा,
साहेब खूश, तक्ता वर चढत गेलेला.
एका दुपारी त्यानं चमचा उचलला नाही,
मी कागद धरून बसले
आणि तो माझ्या बोटांकडे बघत राहिला,
बंद दुकानाकडे बघावं तसा.
त्याच्या हसण्याची किल्ली
माझ्या ॲप्रनच्या खिशात.
ही नोकरी मी मागितली नव्हती.

आता त्याच्या उशाशी जुन्या वर्तमानपत्रांची चळत असते,
फुकटची. चमच्याशी तिचा संबंध नाही.
रात्रपाळीचा ग्लिन
मध्यरात्री एक पान लांब, सावकाश फाडतो,
आणि कुठेही खूण करत नाही.

रेडिओ एकदा बंद करून पाहिला.
त्याचे खांदे इंचभर खाली आले.
पंधरा वर्षं!
निळ्या ओळीवर मी पेन टेकवलं, उचललं.
खोडायचं तरी कशाच्या भरवशावर?

कारण काल त्यानं कागदही ऐकला नाही.
भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.
नेस्तानं विचारलं, ‘मग काय आवडतं त्याला?’
म्हटलं, ‘मंगळवारपर्यंत फाटता कागद.
आज, थांबा.’

डावीकडे काहीतरी ठेवते.
उजवीकडे काहीच नाही.
पाच सेकंद.